बेटावरच्या गावाचा इतिहास लिहायचाय? मग किल्ला शेवटी ठेवा

आपल्या किनाऱ्यावर माणसं घरं करून राहतात अशी छोटी बेटं मोजकीच. घारापुरी आहे, वसईच्या बाजूला अर्नाळा किल्ल्याचं बेट आहे, मालवणच्या सिंधुदुर्गात आजही थोडी घरं आहेत. यातल्या कुठल्याही गावाबद्दल शोधायला जा, हाताला लागतं ते सगळं लेण्यांचं नाहीतर तटबुरुजांचं. कोणी बांधलं, कोणी जिंकलं, मूर्ती किती फूट. अरे पण गाव कुठंय त्यात? पाणी कुठून आणायचे, बाळंतपणाची बाई रात्री पलीकडे कशी न्यायचे, जमीन कोणाच्या नावावर होती, सुना कुठल्या गावच्या, हे कोणी लिहीतच नाही. आणि गावातल्याच एखाद्याला लिहावंसं वाटलं तर तो अडतो तो पहिल्याच प्रश्नावर, सुरुवात कुठून करू. त्याच्यासाठी हे. उदाहरणं घारापुरीची जास्त घेतलीत कारण तिच्याबद्दल छापील बरंच आहे, ताडून बघता येतं, पण पद्धत सगळीकडे हीच चालेल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. बेटाचे कागद बेटावर नसतात. जो राज्य करायला आला तो गलबतातून आला आणि जाताना दप्तर बांधून घेऊन गेला. पोर्तुगीजांचे कागद गोव्यात आणि लिस्बनला, इंग्रजांचे मुंबईत आणि लंडनला, मराठ्यांचे पुण्यात. घारापुरीचा किस्सा तर कळसच आहे. तिथल्या लेण्यात शिलालेखाचा एक दगड होता तो पोर्तुगीजांनी काढला, इथं कोणाला वाचता येईना म्हणून थेट पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिकडेही वाचता आला नाही आणि मग दगडाचा पत्ताच नाही. ही हकीकत लिहून ठेवली दियोगो दो कौतो नावाच्या पोर्तुगीज बखरकारानं, आणि हाच माणूस १५९५ मध्ये गोव्याच्या दफ्तरखान्याचा पहिला प्रमुख झाला. म्हणजे लेख गेला तो गेलाच, तो गेल्याची नोंद राहिली तीही बेटाबाहेर. म्हणून ती लेणी नक्की कोणी कोरली यावर आजही अभ्यासक बोलतायत, सहाव्या शतकाच्या मध्याची धरतात, कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली म्हणून त्या घराण्याकडे बोट दाखवतात, पण लेखी पुरावा म्हणाल तर तो बोटीत बसून गेला.

बेटावर शिल्लक काय, तर आठवण. तुमचं काम एवढंच की बाहेरचा कागद आणि आतली आठवण एका टेबलावर आणायची आणि दोघांची उलटतपासणी घ्यायची. कागद खरा आणि म्हातारी खोटी असं धरून बसू नका, कागद लिहिणारा कारकून बऱ्याचदा बेटावर पाय न ठेवताच लिहायचा.

पाण्यापासून सुरू करा

पहिल्यांदा वही घेऊन विहिरीवर जा. खरंच. गावात जेवढ्या विहिरी, बावी, टाकी, तळी आहेत, बुजलेल्या सुद्धा, सगळ्यांची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा की पाणी गोडं की मचूळ, कुठल्या महिन्यात तळ दिसतो, कोणी खणली म्हणतात, कोण भरायचं आणि कोणाला भरू द्यायचे नाहीत. हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड आहे पण गावाची जुनी मांडणी त्याच एका प्रश्नात उघडी पडते. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या जागी गोडं पाणी जिथं, जुनी वस्ती तिथं, असं धरून चाला आणि मग खोटं ठरतंय का बघा. सिंधुदुर्ग १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला, तिथं दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन बावी आहेत, त्या नसत्या तर नुसत्या तटावर कोण राहिलं असतं. घारापुरीच्या मुख्य लेण्यातसुद्धा पाण्याचं टाकं कोरलेलं आहे, पर्यटक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

विहिरीच्या कठड्याजवळ बसा आणि नीट बघा. दोर ओढून ओढून दगडाला खाचा पडलेल्या असतात, कुठल्या बाजूला जास्त आणि खोल आहेत त्यावरून लोक कुठल्या वाडीतून यायचे ते कळतं. कधी कधी कठड्यात एखादा कोरीव दगड उलटा बसवलेला असतो, जुन्या देवळाचा नाहीतर वाड्याचा, त्यावर बायका कपडे आपटत असतात. फोटो काढताना शेजारी शाळेतली पट्टी ठेवा, नाहीतर नंतर दगड वीतभर होता की हातभर हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि हो, विहिरीबद्दल पुरुषांना विचारू नका. पाणी बायकांनी वाहिलंय. सत्तरीच्या पुढच्या एखाद्या आजीला फक्त म्हणा की आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पहिला हंडा कुठून भरलात, आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून गप्प बसा. पुढचा तासभर तुम्हाला बोलायची गरज पडत नाही, पाण्यावरून सासू, सासूवरून माहेर, माहेरावरून होडी, सगळं येतं.

मग धक्का आणि होडी

दुसरं ठिकाण धक्का. आताचा सिमेंटचा जेट्टीवाला धक्का नव्हे, त्याच्या आधी होड्या कुठं लागायच्या ते शोधा, बहुतेक ठिकाणी जागा बदललेली असते, कारण गाळ भरतो नाहीतर बोटी मोठ्या होतात. घारापुरीच्या तिन्ही वाड्यांच्या नावातच बंदर आहे, शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर, म्हणजे एकाच छोट्या बेटाला तीन उतरायच्या जागा, आणि तो प्रसिद्ध दगडी हत्ती होता तो राजबंदरच्या बाजूला. १८१४ मध्ये त्याचं डोकं नि मान निखळून पडली, पुढे तुकडे मुंबईला नेले, आज तो जोडलेला हत्ती भायखळ्याच्या राणीबागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. आता गावाच्या इतिहासासाठी यातला कामाचा प्रश्न हत्तीचा नाहीच, कामाचा प्रश्न हा की परदेशी लोक त्या बाजूला उतरायचे आणि आता लोक दुसरीकडे उतरतात, तर मधल्या काळात राजबंदरच्या लोकांच्या पोटापाण्याचं काय झालं? असे प्रश्न काढायला शिकलात की अर्धं काम झालं.

बेटाचं तोंड कुठल्या बाजाराकडे होतं हे एक वेगळं प्रकरणच होईल. सरकारी हिशोबात घारापुरी रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात, पर्यटकांची बोट सुटते गेटवेवरून. मग दळण कुठं, मासळी कुठं विकायची, हायस्कूल कुठलं, बाळंतपण कुठलं, तलाठ्याकडे जायचं तर अख्खा दिवस मोडायचा का, हे एकेक करून लिहून घ्या, आणि प्रत्येकाचं आधीचं नि आताचं. वीज हे चांगलं माप आहे. घारापुरीला समुद्राखालून साधारण साडेसात किलोमीटर केबल टाकून फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज आली, त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर. मुंबईचे दिवे समोर दिसतायत आणि आपल्या घरात कंदील, याबद्दल लोकांकडे सांगण्यासारखं भरपूर असतं आणि ते आत्ताच विचारा, कारण जी पोरं आता शाळेत आहेत त्यांना ते आठवणार नाही.

होड्यांची यादी करताना नावं गावाच्या तोंडची घ्या. मचवा, पडाव, गलबत, जे म्हणत असतील ते. नाखवा म्हणजे होडीचा मालक कोण, तांडेल म्हणजे ती चालवणारा कोण, डोल (एका जागी बांधून लावायचं जाळं) कोणाची कुठं लागायची आणि ती जागा बापाकडून मुलाकडे जायची का. मच्छीमार सोसायटी असेल तर तिची जुनी मिनिट बुकं आणि खातेवह्या म्हणजे सोनं आहे. इंजिनासाठी कर्ज कोणी कधी उचललं यावरून शिडाची होडी कधी संपली ते वर्षासकट कळतं, आणि जामीनदार कोण राहिला यावरून कोणाचं कोणाशी जमायचं तेही. चेअरमनला भेटायला जाताना एकटे जाऊ नका, गावातलं कोणीतरी वजनदार सोबत घ्या, वही मागायला आलेला बाहेरचा माणूस म्हणजे ऑडिटवाला अशी सगळीकडे समजूत असते.

जायची वेळ म्हणाल तर महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माणसं घरी असतात, जाळी विणत बसलेली असतात, आणि हातात जाळं असलं की माणूस मोकळं बोलतो. अडचण एवढीच की त्याच दिवसांत दर्या खवळलेला, बोटी बंद किंवा कमी. म्हणून मे महिन्याचा शेवट किंवा नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस बरे. पौर्णिमेच्या ऐन दिवशी जाऊन मुलाखती घेऊ नका, त्या दिवशी नाचा.

भरतीचं गणित शिकून घ्या, धक्क्यावर उतरायला तर लागतंच पण गोष्टी तपासायलाही लागतं. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. आता कोणी सांगितलं की अमुक सालच्या चैत्र अष्टमीला भर दुपारी भरतीवर शत्रूची गलबतं थेट तटाला लागली, तर तुम्ही मनात गणित करा, अष्टमीला भरती सहाला म्हणजे बाराला ओहोटी, वर अष्टमी म्हणजे भांग, पाणी धड चढतच नाही. गोष्ट खोटी असं लगेच म्हणू नका, तिथी चुकली असेल किंवा वेळ. पण वहीत समासात खूण करा.

साल विचारू नका

जुन्या माणसाला साल विचारलं की तो घाबरतो किंवा ठोकून देतो. त्यापेक्षा खुंट्या ठोका. रामदास बोट बुडाली तेव्हा तुमचं वय काय होतं? ती १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, मुंबई ते अलिबाग या पट्ट्यात असं गाव विरळाच ज्यात तिची आठवण नाही. मुंबई गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. बहात्तरचा दुष्काळ. वादळं घ्या, फयान नोव्हेंबर २००९, निसर्ग ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१. त्याच्या आधीचं वाडवडिलांनी सांगितलेलं असेल तर १८९६ ची प्लेगची साथ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा या दोन खुंट्या उपयोगी, साथीत मुंबईहून लोक पळाले ते कुठं कुठं येऊन राहिले हे बऱ्याच घराण्यांच्या कहाणीत असतं. मग तुम्ही विचारायचं, ते देऊळ तौक्तेच्या आधी बांधलं की नंतर, आजोबा गेले ते भूकंपाच्या आधी की नंतर. दहा-पंधरा घरांत असं विचारलं की गावाचा कालक्रम आपोआप बसत जातो.

एकाच गोष्टीच्या तीन आवृत्त्या आल्या तर तिन्ही लिहा. कोण सांगतंय आणि कुठल्या वाडीतलं, हेही लिहा. देवळातल्या मानावरून भांडण झालेलं असेल तर दोन्ही बाजूंना आपापली आवृत्ती पाठ असते, त्यातून खरं काय झालं ते कळो न कळो, भांडण कशावरून होतं ते शंभर टक्के कळतं.

आता कागद

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून आधी घरबसल्या होणारं उरकून घ्या. बॉम्बे प्रेसिडेन्सीची गॅझेटियर्स. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, ठाण्याचे १८८२ चे, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. पण थांबा, आपलं गाव आज ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याच्या खंडात ते सापडेलच असं नाही. घारापुरी आज रायगडात, पण १८८२ मध्ये हा भाग ठाणे जिल्ह्यात होता त्यामुळे तिची माहिती ठाण्याच्या, स्थळांची माहिती असलेल्या चौदाव्या खंडात बसलीये. कुलाब्याच्या खंडात शोधत बसलात तर दिवस फुकट. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, कुलाब्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला. तेव्हा पहिलं काम, एका कागदावर आपल्या गावाचा जिल्हा, तालुका कधी कधी काय होता ते उतरवून काढा आणि तो कागद कायम खिशात ठेवा, कारण कुठल्याही दफ्तरात गेलात तरी पहिला प्रश्न तोच येणार.

गॅझेटियर वाचताना एक भान ठेवा, ती साहेबानं साहेबासाठी लिहिलेली आहेत. लोकसंख्या, बंदराची आयात-निर्यात, मिठागरं, जुने प्रवासी, हे उत्तम. जातींबद्दलची मतं वाचून सोडून द्या, उचलून आपल्या पुस्तकात टाकू नका, आणि टाकलीच तर ती कोणाची मतं आहेत ते ठळक लिहा.

जमिनीचे कागद हा गावाचा खरा आरसा. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण तुम्हाला हवेत ते फेरफार, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे आणि का गेली त्याच्या नोंदी. वारसानं, खरेदीनं, कुळकायद्यानं, सरकारनं घेतली म्हणून. ओळीनं वाचत गेलात तर दुष्काळ, कर्ज, मुंबईला गेलेले भाऊ, सगळं त्यात दिसतं. भूमी अभिलेखच्या ऑफिसात गावाचा जुना मोजणीचा नकाशा मिळतो, त्यावर गावठाणाची हद्द, विहिरी, पायवाटा असतात, तो नकाशा घेऊन प्रत्यक्ष चालून बघा, समुद्रानं किती खाल्लं आणि भरावानं किती वाढलं ते पायाखाली कळतं. काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, आधी तिथं बघा. ऑफिसात साहेब जागेवर नाहीत हे उत्तर मिळणारच, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, अगदीच अडलं तर माहितीचा अधिकार आहे.

गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी. साथीचं वर्ष त्यात लगेच ओळखू येतं, पानंच्या पानं एकाच महिन्याची. शाळेचं जनरल रजिस्टर मिळालं तर बघा, मुलाचं नाव, बापाचा धंदा, कुठल्या गावाहून आला, शाळा का सोडली. मुलींची पहिली नोंद कोणत्या साली आहे हे एकटं वाक्यसुद्धा गावाच्या इतिहासात एक पान अडवून बसेल. १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आणि जत्रा-उत्सवांवरचा खंडही शोधा. बेटावर दीपगृह असेल किंवा जवळ असेल तर त्याच्या नोंदी विचारा, अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह १८६७ चं आहे. अलिबाग पट्ट्यासाठी कृषीवलचे जुने अंक, बोट बुडाल्याच्या, बंदराच्या, मोर्चाच्या बातम्यांसाठी.

साधारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच कागद मोडी लिपीत असतात. घाबरून सोडून देऊ नका. कुणबी नोंदी शोधायचं काम २०२३ मध्ये जोरात सुरू झालं तेव्हापासून मोडी वाचणारे जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात, शिवाय पुराभिलेख विभागाचे आणि इतरांचे मोडीचे वर्ग चालतात, दोनेक महिने नेटानं बसलं तर नावं, आकडे, तारखा आपल्या आपल्याला लागायला लागतात, आणि सुरुवातीला तेवढंच पुरतं. पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मुंबईचं पुराभिलेखागार इथं जाताना नुसतं गावाचं नाव घेऊन जाऊ नका, रुमालांच्या, म्हणजे फडक्यात बांधलेल्या कागदांच्या, डोंगरात तुम्ही हरवाल. सुभा किंवा प्रांत, तालुका, साधारण कोणत्या पेशव्याचा काळ, कोणता विषय, जकात, आरमार, इनाम, एवढं ठरवून जा.

तारखा हा वेगळा डोकेदुखीचा विषय. शके असेल तर ७८ मिळवा, फसली म्हणजे महसुली सन असेल तर ५९०, मराठी पत्रातला सुहूर म्हणजे अरबी सन असेल तर जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६००, आणि तो सन अक्षरांत लिहिलेला असतो, खमस सबैन व अलफ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार, १०७५, त्यात ५९९ मिळवले की १६७४. शके चैत्रात बदलतो, त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनासाठी एक वर्ष पुढे सरकू शकतं. याहून गंमत इंग्रजी पत्रांची. इंग्रजांनी आजचं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच. म्हणजे १६७९ ची खांदेरीची लढाई घेतलीत, शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी बेटावर तट उभा करतोय आणि मुंबईकर इंग्रज आडवे येतायत, तर इंग्रजी पत्रातली तारीख आणि पोर्तुगीज कागदातली तारीख यात दहा दिवसांचा फरक पडणार, दोघं खरं बोलत असले तरी. वर इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावर मागचं साल. हे माहीत नसलं की माणूस एकाच लढाईच्या दोन लढाया करून मोकळा होतो, अशी पुस्तकं बाजारात आहेत, नावं घेत नाही.

दगड, देव, सोयरीक

शिलालेख, वीरगळ (लढाईत पडलेल्याचा स्मारकदगड), गधेगळ (गाढवाचं चित्र कोरलेला शापाचा दगड), जुने क्रूस, कबरी, तोफा, सगळ्याचे फोटो घ्या, जागा टिपा, हलवू काहीही नका. अक्षरं दिसत नाहीत म्हणून चुना, खडू, पीठ फासायची आपल्याकडे भारी हौस, ते करू नका, संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला चिकटून आडवा धरा, कोरलेली अक्षरं सावलीनं उभी राहतात. वाचन मात्र जाणकारालाच करू द्या. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख शके ९३४ म्हणजे १०१२ चा म्हणून सगळीकडे सांगतात, पण त्या आकड्यांच्या वाचनावरही अभ्यासकांत मतभेद आहेत, तर आपण मोबाइलवर झूम करून काय सांगणार. आणि देवळाबाहेर सुट्या पडलेल्या जुन्या मूर्तीचं नेमकं ठिकाण फोटोसकट सोशल मीडियावर टाकू नका, का ते सांगायला नको.

सोयरिकीचा नकाशा करा, हे कोणी करत नाही आणि हेच सगळ्यात भारी निघतं. प्रत्येक घरात विचारा, आई कुठली, आजी कुठली, आत्या कुठं दिली. नकाशावर रेघा मारा. बेट एकटं पडलेलं वगैरे आपण म्हणतो ना, रेघा मारल्यावर दिसतं की ते किनाऱ्यावरच्या वीस गावांना बांधलेलं आहे. पेण, उरण, अलिबाग, मुंबईचे कोळीवाडे, कुठं रेघा दाट आहेत त्यावरून माणसं मूळ कुठून आली याचाही अंदाज येतो. घराण्यातलं कोणी नाशिक-त्र्यंबकला गेलेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं असतात, गावाचं आणि आडनावाचं नाव सांगितलं की वही निघते. ख्रिस्ती घरं असतील तर चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं बघा, ती कधी कधी सरकारी नोंदींपेक्षा फार मागे जातात.

जी माणसं निघून गेली त्यांनाही शोधा. न्हावा-शेवा बंदरासाठी शेव्याच्या कोळीवाड्याला उठावं लागलं, १९८९ मध्ये बंदर सुरू झालं, आज त्या गावचा इतिहास लिहायचा तर तो जुन्या जागी जाऊन मिळणार नाही, लोकांना जिथं वसवलं तिथं जाऊन मिळेल. बेटावरूनही घरं उठून जातात, शाळेसाठी, नोकरीसाठी, पाण्यासाठी. त्यांच्या ट्रंकेत बेटाचे जुने फोटो जास्त असतात, कारण मागं राहिलेल्यांचे खाऱ्या हवेनं खाल्लेले असतात.

लिहिताना

महाराज आमच्या गावात आले होते, पेशव्यांनी आमच्या घराला सनद दिली, हे प्रत्येक गावात ऐकायला मिळणार. तोंडावर खोडू नका. सनद आहे का विचारा, असेल तर तिथंच बसून फोटो काढा, मूळ कागद घरी घेऊन जाऊ नका, कोणी देत असलं तरी नाही. आजकाल लॅमिनेशन करून ठेवायची फॅशन आलीये, तेही करू देऊ नका, कागद आतल्या आत मरतो. कागद नसेल तर पुस्तकात लिहा की अमुक घराण्यात अशी आठवण सांगतात. एवढं वाक्य पुरतं, आठवणीचाही मान राहतो आणि तुमचाही.

जमिनीचे चालू वाद, कोर्टातली प्रकरणं, कोणाचं लग्न कशावरून मोडलं, हे तुमच्या कानावर येणारच, ते वहीत राहू दे. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव छापलं तर चालेल का हे विचारून त्याचं उत्तरही रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगच्या फाइलला तारीख, वाडी आणि सांगणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर वर्षभरानं मोबाइलमध्ये सत्तर फाइली आणि सगळ्यांचं नाव आवाज एक, आवाज दोन.

भाषा गावाचीच ठेवा. आजी जे बोलली ते प्रमाण मराठीत धुऊन काढू नका, वाक्य तिच्या बोलीत छापा आणि अवघड शब्द खाली सांगा. किल्ल्याचं किंवा लेण्यांचं प्रकरण शेवटी लिहायला घ्या, आणि तेही गावाच्या बाजूनं. किल्ल्यात शिबंदी होती तर तिला मासळी कोण पुरवायचं, लेणी बघायला साहेब आले तर त्यांना डोलीतून वर कोण न्यायचं, जागतिक वारसा म्हणून १९८७ मध्ये घारापुरीचं नाव लागलं त्यानंतर गावात घर दुरुस्त करायला कोणाकोणाची परवानगी लागायला लागली, दुकानं कोणाची लागली नि कोणाची उठली.

छापायच्या आधी कच्चा मजकूर गावात वाचून दाखवा, देवळात नाहीतर शाळेत, होळीच्या आसपास, कारण तेव्हा मुंबईची माणसंही गावात असतात. आरडाओरडा होईल. होऊ दे, कोणीतरी उठून म्हणेल की ती विहीर आमच्या पणज्यानं खणलीय, आणि ज्यानं आजवर सोसायटीची वही दाखवली नव्हती तोच घरी जाऊन ती घेऊन येईल. दुरुस्त्या सांगणाऱ्याच्या नावासकट टिपून घ्या. मग छापा, एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि रेकॉर्डिंगची कॉपी किमान दोन ठिकाणी, त्यातली एक बेटाबाहेर.